माझ्यामागून चालणारी

"थांबा जरा..." गेल्या महिन्यात सकाळी फिरताना सुभद्रा एवढंच म्हणाली आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसली. मला नवल वाटलं. मला आजारपणानं गाठल्यापासून माझ्या या बायकोच्या तोंडी एकच शब्द असायचा, "चला की." दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. लोक अजून भेटायला येतात, हळहळतात. हळहळा खुशाल, पण मला तिचं कौतुक सांगायचं आहे.

ती मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळ घरातली, मी सोलापुरातल्या कचेरीत कारकुनी केलेला. निवृत्त झालो, जरा आराम करावा म्हटलं, तर अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी, जीभ जड. मुलानं पुण्याहून चाकाची खुर्ची आणून दिली. सुभद्रेनं तिच्यावर वाळलेले कपडे ठेवायला सुरुवात केली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई माझे हात धरून मला पुढून चालवायच्या. दोन-चार दिवस बघून सुभद्रा म्हणाली, "ताई, लंगडं मेंढरू पुढून वढलं की बसतंय. मी मागनं चालू का?" ताई हसल्या, पण माझ्या कमरेचा पट्टा मागून कसा धरायचा, हे त्यांनीच तिला नीट शिकवलं.

मग आमची वरात रोज गल्लीतून निघू लागली. पुढे मी पाय ओढत, मागे ही पट्टा धरून. समोरचे जोशी एकदा म्हणाले, "वहिनी, भाऊंना चरायला नेताय का?" ही म्हणते, "व्हय, पर हितं गवत कुटंय?" मला रडू येत होतं आणि हसूही. एका सकाळी मी वैतागून ओरडलो, "पुरे!" आजारानंतरचा माझा तो पहिला स्पष्ट शब्द. तिनं टाळीच वाजवली. "बोललात की! आता ह्योच शब्द म्हणत कोपऱ्यापतोर चला."

तिनं रोज चोळून माझा उजवा हातही हलता केला. मी काठीवर हिंडू लागलो आणि तिच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी झाली, तरी हृदय अशक्तच राहिलं. वॉर्डातल्या सिस्टरनी माझ्या काठीकडे बघत विचारलं, "आजोबा, पेशंटजवळ दुसरं कोणी नाही का?" मी काही बोलायच्या आत खाटेवरून आवाज आला, "हायत की हे!" मुलगा मात्र स्पष्टच म्हणाला, "आई, तू पुण्याला चल. बाबांनाच सांभाळायला माणूस लागतो, ते तुला काय सांभाळणार?" ती पुण्याला गेली नाही. त्याचं बोलणं मला लागलं, खोटं कशाला सांगू? पण त्याची शंका खोटी नव्हती. मलाही तीच होती.

तिच्या गोळ्या मी सांभाळल्या. फिरताना आता मी मागे आणि ती पुढे. स्वयंपाकघरात उभ्या जन्मात न गेलेला मी वरण शिकलो. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंदच केलेलं, त्यामुळे वरण अळणी. सुरुवातीला निम्मं ओट्यावर सांडायचं. शेंगाचटणीशिवाय घास न उतरणारी ही बाई तोंड वाकडं करून सगळं खायची आणि म्हणायची, "बरं हाय." याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

परवा तिची धाकटी बहीण शांता भेटायला आली. मुलगाही आलेला होता, मला पुण्याला न्यायचं ठरवूनच. बोलता बोलता शांता म्हणाली, "दाजी, अक्का फोनवर मला काय म्हणायची ठाव हाय का? 'ह्यांचा हात मी उठवला म्हणून समदी मला लई नावाजत्यात. पर त्याच हातानं मला जगवलं, त्ये कुणी बघत न्हाय.'"

...मला तोंडावर कधी बोलली नाही हो. एवढा अभिमान बाळगून होती आणि मला म्हणायची, बरं हाय.

पुण्याचा विषय मुलानं काढलाच नाही. मी उठून सगळ्यांसाठी वरणभात केला. वाढून झाल्यावर ध्यानात आलं, वरणात मीठ घालायला या हाताला आठवलंच नव्हतं. मुलानं एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं आणखी वरण वाढून घेतलं. मीठ कुणीच मागितलं नाही.