अक्काचा डाव

मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. काचपट्टीवर जे दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही... एकवीस वर्षं मी एवढंच काम करते. या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर दुपारी डबा खाताना, करमणूक म्हणून. दृष्ट, अंगात येणं, स्वप्नात कुणी येऊन सांगणं – आमच्या घरात यातलं काहीच चालत नाही. म्हणून हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. कुणी हसलं तरी माझी तक्रार नाही.

माझ्या आईला सगळे अक्का म्हणतात. मीही. तिचं माहेर साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला, सासर रावेरला. साठ वर्षं केळीच्या बागेत काढली तरी तिची बोली माहेरचीच राहिली. वडील गेल्यावर तिला विसरायला होऊ लागलं. दूध उतू जायचं, नातवंडांची नावं अदलाबदल व्हायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा मी तिला माझ्याकडे, जळगावात मेहरूणला आणलं. माझे मिस्टर नोकरीसाठी सुरतला असतात, मुलगी पुण्यात शिकते. घरात आम्ही दोघीच.

अक्काला लिहिता-वाचता येत नाही, पण मुलीने जाताना तिला आपला जुना फोन दिला आणि त्यात लुडो खेळायला शिकवलं. हे तिला अचूक जमलं, कसं ते देवाला माहीत. तिचा रंग कायम हिरवा. दुसऱ्या कुणी हिरवा घेतला की रुसायची, हिरव्या सोंगट्या सगळ्या माझ्याच म्हणायची – "बठ्ठ्या हिरव्या मन्या शेतस." मी लॅबमध्ये आणि ती घरी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमचा एक डाव ठरलेला. त्या ॲपमध्ये खेळताना माईक चालू करता येतो. मी जरा थांबले की तुझी पाळी आहे, खेळ, असा तिकडून आवाज यायचा – "तुनी बारी शे. खेय ना."

फोन मात्र रडवायचा. प्रत्येक डावानंतर जाहिरात, ती बंद करायची फुली इतकी बारीक की अक्काचं बोट भलतीकडेच पडायचं आणि नको ती ॲप्स उतरायची. मेमरी फुल. मग अपडेट मागायचा, आणि अपडेट केलं की म्हणायचा, हा फोन जुना आहे. मी एकदा तिला नवा आणून दिला. दोन दिवस तिने तो हातात धरून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी फडताळात ठेवून दिला. बटणं जागेवर नव्हती, रंग वेगळे दिसत होते. ती घाबरली होती. तेव्हा कळलं, की काही झालं तरी जुनाच चालवायचा.

आणि त्याच जुन्याची बॅटरी फुगली. मागचं झाकण वर आलं. मी सोमवारी तो सलीमभाईंकडे टाकला. बाजारात त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, माणूस सरळ. ते म्हणाले, "ताई, बॅटरी मागवावी लागेल, आठवडा धरा." तो आठवडा अक्काला समजेना. रोज सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न, "मना फोन कधी देशी?" चौथ्या दिवशी मी चिडले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अक्का हरवली.

मी सकाळी पावणेनऊला लॅबला गेले होते. शेजारच्या वहिनी अकराला तिला बघून जायच्या. त्यांचा फोन आला – "अहो, दार सताड उघडं आहे, आजी नाहीत." मी तशीच निघाले. घरात तिच्या चपला नव्हत्या. आधार कार्ड ठेवायची तिची छोटी पिशवी नव्हती.

माझा मोठा भाऊ रावेरला असतो, आम्ही त्याला नाना म्हणतो. तो म्हणाला, "ती इकडंच येईन. दुसरीकडं कुठं जाईन?" त्याने दोन माणसं रावेरच्या स्टँडवर बसवली आणि स्वतः गाडी काढून दीडपर्यंत जळगावात पोहोचला. तोवर मी पोलीस स्टेशनला फोटो देऊन आले होते, दोन दवाखान्यांत बघून आले होते. आमच्या घरापासून मेहरूणचा तलाव चालत सात-आठ मिनिटांवर आहे. ती रोज संध्याकाळी तिकडे फिरायला जायची. हे मीच पोलिसांना सांगितलं, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की मी काय सांगते आहे. हवालदारांनी मासे धरणाऱ्या दोघांना बोलावलं. ते कडेच्या पाण्यात बांबू घालून बघू लागले. मी आणि नाना काठावर उभे. ऑक्टोबरचं ऊन... पाण्याकडे बघवत नव्हतं आणि मान वळवताही येत नव्हती.

सव्वातीनला माझा फोन वाजला. मला वाटलं पोलीस स्टेशन. बघते तर लुडोचं आमंत्रण. अक्काच्या नावाने. तिचा फोटो, शेजारी हिरवा ठिपका, म्हणजे ऑनलाईन.

पहिला विचार आला की सलीमभाईंनी फोन दुरुस्त केला आणि चालू करून बघताहेत. दुसरा – अक्का दुकानात गेली आणि फोन घेऊन आली. चार दिवस तेच तर मागत होती. मी आमंत्रण स्वीकारलं आणि पर्समधली दुकानाची पावती नानाला देत म्हणाले, "सलीमभाईंना लाव." त्याने दोनदा लावला. कुणी उचलला नाही. शुक्रवार, दुपारच्या नमाजनंतर दुकान अजून उघडलं नसणार.

डाव सुरू झाला. तिकडचा माईक चालू होता. आधी नुसती गर्दी ऐकू आली, गाड्यांचे हॉर्न, कुणाचं तरी खोकणं. मग बांगड्या वाजल्या. आणि अगदी जवळून, "तुनी बारी शे. खेय ना."

"अक्का, कुठं आहेस तू? अक्का..." मी ओरडत होते, काठावरचे सगळे बघत होते. माझं तिला काहीच ऐकू जात नव्हतं. ती फक्त श्वास घेत होती, थोडी धाप लागल्यासारखा.

ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना माहीत असेल, आपल्या पाळीला काही सेकंदच मिळतात. तीन वेळा पाळी चुकली की डावातून बाहेर. आणि डाव संपला की आवाजही बंद. मी फासा टाकला. दोन आले, सोंगटी सरकवली. तिने टाकला. नानाने माझा हात धरला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"माय सापडत नाही, अन् तू काय खेळून राह्यली?"

"नाना, ऐक. आधी ऐक." मी फोन त्याच्या कानाला लावला. त्याने ऐकलं आणि तिथेच खाली बसला. तो तिचा आवाज होता. हे मी एकटीने ऐकलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मग मी याआधी कधी खेळले नव्हते असा डाव खेळले. मला जिंकायचं नव्हतं आणि हरायचंही नव्हतं. नुसता लांबवायचा होता. सोंगटी घरात जात असली तरी दुसरीच सरकवायची. पण तिला कुणी अडवणारं नव्हतं, तिच्या सोंगट्या एकेक करत घरात जात होत्या. शेवटी मन घट्ट करून मी तिची एक सोंगटी मारली, म्हणजे ती परत फिरेल आणि वेळ मिळेल. तिकडून ती हळूच म्हणाली, "अवं माय..." मला रडू फुटलं. माझ्या फोनची बॅटरी नऊ टक्के. नाना फोनला कान लावून डोळे मिटून बसला होता.

मागून एक माणूस ओरडत होता. सुरुवातीला नीट कळेना. मग स्पष्ट आलं – "ताहाराबाद, सटाणा... ताहाराबाद, सटाणा, बसा लवकर." थोड्या वेळाने दुसरा आवाज, "नवापूर, नवापूर."

नानाने डोळे उघडले. "पिंपळनेर," तो म्हणाला. "लहानपणी मामाकडं जायचो ना आपण... जीपवाले असेच ओरडायचे."

मामा वारून तीस वर्षं झाली. माहेरचं घर विकलं गेलं. तिथे आपलं म्हणावं असं कुणी उरलेलं नाही, म्हणून ते नाव सकाळपासून कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. नाना उठून हवालदारांकडे धावला. मी खेळत राहिले. तिची शेवटची सोंगटी घरात गेली, पडद्यावर हिरवा मुकुट आला, आवाज तुटला आणि साबणाची जाहिरात सुरू झाली.

हवालदारांनी पिंपळनेरला फोन लावला. त्यांना विश्वास वाटला की आमची दया आली, कोण जाणे. आम्ही नानाच्या गाडीने निघालो. पारोळ्याच्या पुढे फोन आला – जीपच्या स्टँडजवळ भाजी विकणाऱ्या एका बाईजवळ म्हातारी बसलेली आहे, हिरवं पातळ, नाव सांगता येत नाही, तब्येत बरी आहे. नानाने गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकवून रडला. छप्पन्न वर्षांचा माणूस.

धुळ्याच्या अलीकडे नानाच्या फोनवर सलीमभाईंचा फोन आला. मी उचलून नाव सांगितलं. "ताई, आपले मिस कॉल होते. फोनसाठी केला असेल तर अजून बॅटरी आली नाही."

मी म्हणाले, "आमच्या आईने नेला ना तो?"

"कोणी नाही नेला. माझ्यासमोर आहे. उघडून ठेवलाय, बॅटरी काढून टाकली, बोर्ड वेगळा आहे. का, काय झालं?"

मी फोन ठेवला. नानाने विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, गाडी चालव.

पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्का गोणपाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. मला बघून जराही दचकली नाही. मी तिच्या पिशवीत बघितलं. आधार कार्ड, रुमाल, दोन खडीसाखरेचे खडे. भाजीवाल्या बाईला विचारलं, आजीकडे फोन होता का, कुणी दिला होता का? ती म्हणाली, "नही वं ताई. दुपारपाइन नुसती बठेल शे. हात असा हालवे, बोटघाई जमिनवर काहीतरी करे. मी म्हनं, जप करत व्हयी."

मी अक्काला विचारलं, "फोन कुठं आहे तुझा?"

"दुकानमा शे ना. तूच तं दियेल शे." मग माझ्याकडे बघून ती हसली. "मी जितनी ना आज."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन डोळ्यांनी पाहिलं. पारदर्शक डबीत सुटे भाग, वर माझ्या नावाची चिठ्ठी. माझ्या ॲपमध्ये त्या दिवशीचा डाव नोंदलेला आहे, अक्का विजयी. कंपनीला तीन वेळा लिहिलं. उत्तर एकच आलं – कृपया ॲप अपडेट करा. मुलीच्या कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी सांगितलं की अकाउंट दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये उघडलं असेल. असेल. पण तो आवाज, त्या बांगड्या, ते जीपवाले... याचं काय, असं विचारलं की ते विषय बदलतात. याचं उत्तर आता मी शोधत नाही. अक्का आता कुणाला ओळखत नाही. फासा समोर धरला तर तो तोंडात घालायला जाते.

एक गोष्ट मात्र मी नानाला अजून सांगितलेली नाही. नंतर एकदा मी माझ्या फोनमधली जुनी नोटिफिकेशन्स काढून बघितली. ते ॲप दिवसाला वीस तरी मेसेज पाठवतं, बोनस घ्या, चाक फिरवा, मित्र वाट बघतोय. मी ते वाचतही नाही. त्या शुक्रवारी अक्काच्या नावाने आमंत्रण एकदा आलं नव्हतं, पाच वेळा आलं होतं. पहिलं सकाळी नऊ चाळीसला. त्या वेळी ती जळगावच्याच स्टँडवर असणार, आमच्या लॅबपासून चालत दहा मिनिटांवर. मी तेव्हा कुणाचं तरी रक्त घेऊन हातमोजा काढला होता, आणि फोन थरथरला म्हणून न बघताच तो मेसेज बोटाने बाजूला सारला होता.