शिरांचं वय

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत निम्मे पुरुष माजी सैनिक. पहाटे उठून फिरायला जातात आणि एकमेकांवर कुरघोडी करायला काहीतरी शोधत असतात. गेल्या हिवाळ्यात त्यांना नवीनच खेळणं मिळालं.

समाजमंदिरात एका खासगी लॅबचं शिबिर लागलं. टाय लावलेला एक माणूस माईकवरून सांगत होता, की नुसत्या रक्तावरून तुमच्या रक्तवाहिन्या किती ताठ झाल्यात आणि त्यांचं वय किती, हे आम्ही सांगतो. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासलंय. रक्तवाहिनीचा ताठपणा मोजायचा तर नाडीची लाट गळ्यापासून मांडीपर्यंत किती वेगानं जाते ते बघतात. रक्तातल्या चार गोष्टी फार तर इशारा देतात, आणि त्यातली एक साध्या सर्दीनंही वाढते. हे मी मागच्या खुर्चीवरून मोठ्यानं सांगितलं, तर टायवाला हसून म्हणाला, "काकू, आता टेक्नॉलॉजी बदललीय." रक्ताची बाटली उलटी धरली तरी त्याला कळलं नसतं. पण तपासणी जोडप्यानं करायची होती, म्हणून आमच्या ह्यांनी मलाही हात पुढं करायला लावला.

चार दिवसांनी रंगीत अहवाल आले आणि सकाळच्या फेरीत "तुमचं किती आलं?" सुरू झालं. शेजारच्या सुभेदारांच्या शिरा नऊ वर्षांनी तरुण निघाल्या. त्या दिवसापासून ते शर्ट खोचून फिरायला लागले आणि रोज कांदाभजी खायला लागले. आमच्या ह्यांचं वय सहासष्ट. अहवालात शिरांचं वय एकाहत्तर, तेही लाल रंगात.

हयात बंदुकीपुढं काढलेला माणूस त्या लाल आकड्यापुढं गळाला. दिवसभर मनगटावर बोटं ठेवून खुर्चीत बसायला लागले. वर त्यांनी आपल्या डोक्यानं एक निष्कर्ष काढला, आणि तो फार वाईट होता.

"बारा वर्सं बीपीची गोळी खातुया," ते म्हणाले. "तरी शिरा पाच वर्सं फुडं पळाल्या. म्हंजी गोळी फुकट गेली."

गोळ्यांची पाकिटं ड्रॉवरमध्ये गेली. त्याऐवजी सुभेदारांनी सांगितलेला, शिरा साफ करणारा म्हणे, तपकिरी काढा सुरू झाला. आमच्या कॉलनीत सुभेदार वैद्यही असतात.

तिसऱ्या आठवड्यात मी बीपी मोजलं. वरचा आकडा एकशे ऐंशी. मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. मला खरोखर भीती वाटत होती. पक्षाघाताच्या पेशंटांचं रक्त माझ्या टेबलावर कितीदा आलेलं, आणि नातेवाइकांना विचारलं की बऱ्याचदा तेच ऐकू यायचं, गोळी मनानं सोडली होती. ह्यांना ते सांगितलं तर म्हणाले, "तुझी लॅब जुनी झाली."

शेवटी मी वन्संना फोन केला. ह्यांची थोरली बहीण, जत तालुक्यातली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. रक्त काढून दवाखानेवाले विकतात असं तिचं ठाम मत, त्यामुळे आमचं कधी फारसं जमलं नाही. पण हे जगात घाबरतात ते तिलाच.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. पाणीसुद्धा न पिता भावासमोर बसली.

"काय झालं रं? गोळी का सोडलीस?"

ह्यांनी अहवाल दाखवला. "आक्का, वय माझं सासष्ट, आन् शिरा एकाहत्तरच्या."

"कोण म्हणतंय तू सासष्टचा?"

"आगं, कागदावर हाय की. एक जून."

"कागूद साळंत घालताना मास्तरानं लिवला. आप्पा म्हणलं, लिवा काय लिवायचं ते. मास्तरानं सहा लिवलं. त्याच्या आदल्या साली तू एकला शंभर मेंढरं राखत हुतास. पाच वर्साचं प्वार शंभर मेंढरं राखतंय व्हय? आन् कागूद लिवला त्याच साली माझं लगीन झालं. मी तेराची, तू माझ्यापरास दोन वर्सांनी धाकला. मोज आता."

ह्यांनी खरंच बोटांवर मोजलं. अकरा. सहावर पाच.

"म्हंजी शिरा माझ्याच वयाच्या हायत?"

"मग काय शेजाऱ्याच्या आसतील?"

त्यांनी अहवालाची घडी घालून बाजूला ठेवली. मग पुटपुटले, "म्हंजी गोळीनं काम केलं म्हणायचं." उठले, ड्रॉवर उघडला आणि गोळी पाण्याशिवायच गिळली. काढा मी मोरीत ओतला. महिन्याभरात वरचा आकडा एकशे चाळीसवर आला.

त्या अहवालावर माझा आजही काडीचा विश्वास नाही. पण मला माझाच राग आला. जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर एक जून लिहून टाकायचे, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच! लॅबमध्ये म्हाताऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर तीच ती तारीख बघून आम्ही हसायचो. अहवालातला एकेक घटक मी भिंग घेऊन तपासला, आणि वर लिहिलेल्या वयाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते एका अडाणी बाईनं पाहिलं.

वन्संना सोडायला मी स्टँडवर गेले. बसची वाट बघताना त्यांनी विचारलं, "आन् तुझा किती आकडा आला?"

माझा अहवाल मी न वाचल्यासारखं करून कपाटात टाकला होता. "पासष्ट," मी म्हणाले. "पण मी बासष्टची आहे."

"खरी का कागदावरची?"

माझाही जन्म एक जूनचा आहे.

बस आली, त्या गेल्या. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिला हे विचारावं असं मला कधी वाटलंच नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला काय माहीत असणार, असं मी धरून चालले होते.