मागच्या सीटवरची पारख

मच्छे गावातला आमचा मेकॅनिक जुनी गाडी तपासताना बॉनेटच्या आधी मागचं दार उघडतो. "मागं बसल्याबिगर गाडी कळत न्हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

नातवंडांनो, तुमच्या आजोबांच्या बुटक्या स्पोर्ट्स कारमधून माझे गुडघे मला उठू देत नाहीत, म्हणून वर्षभर माझं गाडी चालवणंच थांबलं होतं. जोडीला दुसरी जुनी गाडी घ्यायचं ठरलं; मेकॅनिकला घेऊन गाड्या बघायला गेलो, तर आजोबांनी पुन्हा बुटकीच पसंत केली.

मेकॅनिक हसला. "अण्णा, हौस एकीत भागली की! आक्का, तुम्ही बसून उतरा बघू."

तिसऱ्या, उंच गाडीतून मी कुणाचा हात न धरता उतरले. त्यानं किल्ली आजोबांना न देता माझ्या तळहातावर ठेवली.

"चला आक्का, हायवेवर एक चक्कर मारू. अण्णा, तुम्ही मागं."