डागापुढची रिकामी ओळ

फोन आला तेव्हा मगर आमच्या दाराची बेल वाजवत होती. म्हणजे माझ्या गोष्टीतली मगर. सकाळचे दहा वाजले असतील. नेहमीच्या गाडीपाशी सेव-उसळीची बशी हातात धरून मी चार ओळखीच्या आणि दोन अनोळखी माणसांना आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या पुराची हकिकत सांगत होतो. पूर खरा, मगर खरी, ती सोसायटीच्या फाटकापर्यंत आली होती हेही खरं. तिथून पुढे तीन मजले मी तिला चढवली होती. अनोळखी दोघांचे चमचे हवेत थांबले होते, आणि तेवढ्यात खिशात फोन थरथरला. माझी पुतणी, मृणाल. "काका, आई गेली." एवढंच. मी बशी गाडीवर ठेवली. गाडीवाल्याला पुढचं हवं होतं, "काका, पछी शुं थयुं? मगर अंदर आवी?" मी म्हणालो, "ना भाई, पाछी गई." मगर परत फिरली, असा त्या गोष्टीचा शेवट मी आजवर कधी केला नव्हता.

आज त्याला महिना होत आला. मृणालची आई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, कुमुदवहिनी. सकाळचा चहा पिऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि बसल्याबसल्या गेल्या. गळ्यात शिवणाची टेप तशीच. समोरच्या टेबलावर एक पार्सल अर्धवट बांधलेलं... त्या पार्सलाकडे मी शेवटी येणार आहे. आधी एक सूचना. मी जे सांगतो त्याला चारने भागायचं, असा आमच्या घरात नियम आहे. तो वहिनींनी घातला. नवीन जावई येवो की नवा दूधवाला, त्याला बाजूला घेऊन त्या सांगत, "भाऊजींच्या बोलण्याला चारने भागायचं, मग बरोबर येतं." वाचकांनीही खुशाल भागावं. जिथे भागायचं नाही तिथे मी सांगेन.

मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवण शिकवलं. बडोद्यातल्या निम्म्या मराठी बायकांच्या बोटांवर वहिनींच्या पट्टीचे वळ आहेत, आणि उरलेल्या निम्म्या शाळेतच गेल्या नाहीत. आमचे दादा, म्हणजे त्यांचे यजमान, गेले, शाळा आधीच सुटली होती, घर एकदम गप्प झालं. आणि मग एका दुपारी खाली बोहारीण आली. शेजारच्या बाईंनी सासऱ्यांचा जुना किनखापी अंगरखा तिच्या पुढ्यात टाकला होता आणि बदल्यात स्टीलचं एक पातेलं पसंत करत होत्या. वहिनींनी गॅलरीतून ते पाहिलं. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. सत्तरीची बाई अनवाणी दोन जिने उतरली, हातात स्वतःचा प्रेशर कुकर, आत शिजती डाळ! बोहारणीला म्हणाल्या, "ए बेन, हा कुकर घे, पण तो अंगरखा मला दे." (भागून : कुकर रिकामा होता आणि त्याची शिट्टी हरवलेली होती.) मृणालनं गंमत म्हणून त्या अंगरख्याचा फोटो काढून कुठल्याशा परदेशी साइटवर टाकला. आठ दिवसांत तो जपानला गेला. आपल्याकडे जुनं म्हणजे बोहारणीचं, तिकडे जुनं म्हणजे व्हिंटेज, हा शोध आम्हाला असा लागला, आणि वहिनींच्या समोरच्या खोलीचं दुकान झालं.

मग काय, बडोद्यातल्या ट्रंका उघडायला लागल्या. कुणाचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत, कुणाचे आजोबा दफ्तरात, कुणी पंडित, कुणी नुसतेच मानकरी. त्यांच्या नातवंडांना कपाटात जागा हवी होती आणि वहिनींना कपडे. मखमली जाकिटं, जरीच्या टोप्या, फुग्याच्या बाह्यांची पोलकी, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन सगळं त्यांच्या खोलीत यायचं. पण दुकानाची एक अट होती. कपडा आला की त्याची जबानी घ्यायची. जबानी हा वहिनींचा शब्द. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर चार ओळी : कोणाचं, कुठं घातलं, कुठं फाटलं, डाग कशाचा. ज्या घरातून कपडा आला तिथे जाऊन विचारायचं आणि तेवढंच लिहायचं. मराठी पुठ्ठा पार्सलात जायचा आणि त्याचं इंग्रजी साइटवर. बाकीचे विकणारे डाग लपवतात. वहिनी पहिला फोटो डागाचाच काढायच्या. "कपड्याला तोंड नाही, भाऊजी. त्याचं आपण सांगायचं, तर त्याचंच सांगायला हवं ने?"

मी तेव्हा बाजव्याच्या रिफायनरीतून नुकताच निवृत्त झालो होतो. तिथली उंच चिमणी पहिल्यांदा माझ्या काडेपेटीनं पेटली, हे मी गाडीवर सांगतो. वस्तुतः मी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत होतो. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष काय असतं ते ज्यानं काढलं त्यालाच ठाऊक... घरच्यांना माझ्या सगळ्या गोष्टी पाठ, गाडीवाला तरी किती ऐकणार! वहिनींनी एक दिवस बोलावणं पाठवलं. "तुमचं इंग्रजी बरं आहे. जबान्या इंग्रजीत करा. आणि अंगानं भरलेले आहात, पुरुषांचे कोट तुमच्यावर घालून फोटो काढू." मी खुश. केस रंगवून गेलो. तर बाईंनी पहिल्याच फोटोला कॅमेरा खाली केला. "तोंड नको."

"का हो? इतकं काही वाईट नाहीये."

"तोंड घेतलं की कोट खोटं बोलायला लागतो."

म्हणजे आज ओस्लोपासून ओसाकापर्यंत माझं पोट लोकांना ठाऊक आहे, चेहरा कुणालाच नाही. पण दर सकाळी नऊला मला जायला एक ठिकाण होतं, आणि पोचल्यावर कुणीतरी "उशीर केलात" म्हणायचं. याचे आभार मी त्यांना कधी मानले नाहीत. इथे मानतो.

आता कोटाची गोष्ट. मांडवीजवळच्या एका घरातून काळा, बंद गळ्याचा कोट आला. घरातल्या मुलानं ट्रंक रिकामी करताना दिला. कोट त्याच्या आजोबांचा, ते संस्थानाच्या दफ्तरात कारकून. उजव्या कोपराच्या वर मोठा फाटलेला भाग, आणि काळ्या कापडावर तो चक्क पोपटी दोऱ्यानं शिवलेला. वहिनींना त्या आठवड्यात ताप होता. म्हणाल्या, "त्या मुलाची आई आहे घरी, विमलआक्का. जाऊन जबानी घेऊन या." उन्हाळा होता. मी मांडवीपर्यंत गेलो, पण आक्कांचं घर आणखी दोन गल्ल्या आत आणि रफूगराचं दुकान सावलीत. तिथे बसलो. आणि माझ्या डोक्यात वाघ आला.

रफूगराकडून मी तो पोपटी दोरा उसवून घेतला, म्हणजे फाटलेलं नीट, पंजा मारल्यासारखं दिसावं. म्हातारा चोख माणूस, उसवलेला दोराही त्यानं वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधून हातात दिला. मग मी घरी बसून असं इंग्रजी पाडलं की बस! हत्ती, अंबारी, झाडीतून झेपावलेला वाघ, आणि नुसत्या रुळानं त्याला हाकलणारे कारकूनसाहेब. कोट दुसऱ्या दिवशी विकला गेला. घेणाऱ्या नॉर्वेच्या इंग्रिडबाई. त्यांचं पत्र आलं : कोट बैठकीच्या खोलीत लावणार आहे, शेजारी वाघाची गोष्ट चौकटीत. वाघाचं पुढे काय झालं, ते कृपया कळवा.

ताप उतरलेल्या वहिनींनी ते स्वतः वाचलं. शिवणाच्या बाई, इंग्रजी जेमतेम, पण 'टायगर' कुणालाही कळतो. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी नऊला जायचो, चहा समोर यायचा, त्यात साखर नसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही गाडीवर काय सांगता ते सांगा. मगर तुमची, चिमणी तुमची. पण हा माणूस मेलाय, भाऊजी. 'मी तिथे नव्हतो' असं त्याला येऊन सांगता येणार नाही."

मग म्हणाल्या, "आधी विमलआक्कांकडे जा. दोरा उसवलात तेही सांगा. त्याशिवाय उद्यापासून येऊ नका."

सासष्ट वर्षांच्या आयुष्यात मला इतकी भीती एकदाच वाटली आहे, आणि तेव्हा समोर मगर नव्हती, ऐंशीच्या पुढची एक किरकोळ बाई होती. मी सगळं सांगितलं. आक्का कपट्यातल्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. "हा माझ्या कुंचीचा," म्हणाल्या. दफ्तरात निरोप आला, मुलगी झाली. त्यांचे वडील टेबलावरून उठले ते पळतच सुटले, फाटकाच्या खिळ्याला कोट अडकला, तो सोडवायलाही थांबले नाहीत. बाळंतिणीनं अंथरुणात बसून कोट शिवला. हाताशी दोरा होता तो बाळाच्या कुंचीचा, पोपटी. पुढे साहेबांनी हटकलं तरी वडिलांनी तो बदलू दिला नाही... मी म्हणालो, आक्का, आत्ता जातो, तोच दोरा परत घालून आणतो. त्या म्हणाल्या, "आता कशाला? तो टाका आईचा होता. तुमच्या रफूगराचा कसा चालेल?" मग मला लाडू दिला. "मुलानं न विचारता ट्रंक रिकामी केली. कुणी विचारायला तरी आलं."

वहिनींनी जबानी लिहिली. 'इथे पोपटी टाका होता. माझ्या दिरानं मूर्खपणानं उसवला. दोरा सोबत पाठवत आहे. कोट नको असल्यास पैसे परत करू.' 'मूर्खपणानं'चं इंग्रजी मला करायला लावलं, आणि मी सौम्य शब्द घातला तर खोडून दुसरा घालायला लावला. इंग्रिडबाईंचं उत्तर आलं : वाघापेक्षा कारकून फार बरा, लवकर पाठवा. तेव्हापासून त्या आमच्या कायमच्या गिऱ्हाईक. आणि माझ्या चहात साखर परत आली.

या वर्षी त्याच इंग्रिडबाईंनी विचारलं, तुमचं स्वतःचं काही नाही का? मृणालला वाटलं, आई नाही म्हणेल. वहिनी म्हणाल्या, "लोकांच्या ट्रंका उघडल्या, आपली कधी उघडायची?" टेबलावरचं अर्धवट पार्सल ते. त्यात वहिनींचं लग्नातलं जांभळं रेशमी पोलकं, वर पुठ्ठा. बारावा-तेरावा झाल्यावर मृणालनं तो माझ्या हातात दिला. "काका, आईनं अर्धाच लिहिलाय. तिकडे शब्द दिलेला आहे. पाठवायचं की ठेवायचं?"

अर्धा नव्हता. चारातल्या तीन ओळी भरलेल्या होत्या. कोणाचं : माझं. कुठं घातलं : लग्नात, पंगतीला. कुठं फाटलं : फाटलं नाही, बाह्या नंतर सैल केल्या. डाग कशाचा : ... आणि पुढे कोरं. डावीकडच्या बाहीवर तळहाताएवढा पिवळट डाग स्पष्ट दिसत होता. शाईचा एक ठिपका मात्र होता त्या ओळीवर, पेन टेकवून उचलल्यासारखा.

आता इथून भागू नका.

त्या पंगतीला मी अकरा वर्षांचा होतो आणि नव्या वहिनीच्या डाव्या बाजूला बसलो होतो. मांडवीच्या दरवाज्यावरून माझ्या घोड्यानं कशी उडी मारली ते मी तिला सांगत होतो. घोडा वर गेला तसा माझा हात वर गेला, त्यात बासुंदीची वाटी. केशराची बासुंदी सगळी तिच्या बाहीवर. आमचे वडील पंगतीच्या टोकाला उभे. त्यांचा हात कसा लागायचा ते माझ्या पाठीला अजून आठवतं. "कुणी केलं?" म्हणून गरजले. आणि घरात येऊन दोन तास झालेली ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, "माझाच हात लागला." त्या एका वाक्यानं ती आमच्या घरात वेंधळी ठरली. पुढे किती वर्षं माझी आई पाहुण्यांना सांगायची, थोरली गुणाची आहे, पण हाताची वेंधळी... सुई जमिनीवर पडू न देणारी बाई! तिनं ते कधी खोडलं नाही, मीही नाही. मला ते सोयीचं होतं. त्या दिवशी वडील पंगतीत पुढे सरकल्यावर मात्र ती माझ्याकडे झुकली होती आणि हळूच विचारलं होतं, "मग? घोडा पडला का?"

उभ्या आयुष्यात वहिनी एकदाच खोटं बोलल्या, ते हे. पुठ्ठ्यावर खरं लिहावं तर मी उघडा पडतो, आणि खोटं तर त्या लिहीत नसत. म्हणून पेन टेकवलं आणि उचललं असणार. किंवा चहा थंड होत होता म्हणून उठल्या असतील. मी तिथे नव्हतो.

मृणालला मी सगळं सांगितलं. तिनं नकळत बोटं मोजायला घेतली, सवयीनं, भागायला, मग थांबली. मी तिच्यासमोर चौथी ओळ भरली : 'केशरी बासुंदीचा. सांडली धाकट्या दिरानं, वय अकरा. नव्या सुनेनं चूक स्वतःवर घेतली.' त्याचं इंग्रजी केलं. एकही शब्द सौम्य घातला नाही.

पार्सल घेऊन मी अलकापुरीच्या पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बेन मला ओळखतात. दर खेपेला मी त्यांना आत पेशव्यांची पगडी आहे, राणीची मोजडी आहे, असं काहीबाही सांगत आलोय. त्यांनी पार्सल वजनाला ठेवलं आणि डोळे बारीक केले. "बोलो काका, आजे शुं छे अंदर?"

"मारां भाभीनुं पोलकुं. डाघवाळुं."

बेन थांबल्या. शिक्का हातात तसाच. मागची रांगही थोडी पुढे सरकली.

"पछी?"

"बस," मी म्हणालो, "एटलुं ज."