अंगठा आणि धारोष्ण दूध

आमच्या दुधाच्या कट्ट्यावर रोज सकाळी एक चांदीचा कारागीर भेटतो. समोर म्हशीची धार काढून घ्यायची, फेसाळ दूध उभ्याउभ्या प्यायचं आणि हुपरीची बस धरून पैंजण घडवायला जायचं, हा त्याचा नेम. माणूस बोलतो कमी, पण बोलला की भांडल्यासारखा.

मध्ये त्याच्या उजव्या अंगठ्याला जखम होऊन पू झाला. डॉक्टरानं दिलेली गोळी आणि घरातली ताकदीची कॅल्शियमची गोळी हा एकदमच तोंडात टाकायचा, वर दूध. मला ते पटायचं. अंगठा मात्र सुजतच चालला.

एक दिवस तो चिडूनच आला. "डॉक्टर म्हणतोय, दुधातलं आन् ताकदीच्या गोळीतलं कॅल्शियम ह्या औषधाला पोटातच धरून ठेवतंय, रक्तात जाऊ देत न्हाय. औषध नुसत्या पाण्यासंगं घ्या, न्हायतर अंगठा कापावा लागंल."

"दूध कधी कुणाला बाधलंय व्हय?" मी म्हणालो.

"अंगठा तुमचा हाय काय, आबा?"



दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीसारखा पेला भरून घेतला आणि माझ्या हातात दिला. "घ्या. म्हशीपुढनं तसंच माघारी जाणं बरं दिसत न्हाय की." मग पिशवीतली बाटली काढून पाण्यासंगं गोळी घेतली. गोळ्या संपेपर्यंत रोज हेच चाललं.

काल मी सवयीनं हात पुढं केला. त्यानं त्याच अंगठ्यानं पेला घट्ट धरला आणि माझ्याकडं बघत एका दमात रिकामा केला.

"आता तुमचं तुम्ही घ्या, आबा."