काकाजींची बिकमबंदी

जगातली कुठलीही गोष्ट आपली आपण बदलत नाही, तिला बदलायला नेमकं एक इंग्रजी क्रियापद लागतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. ते म्हणजे आमचे काकाजी, माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. घर संत्र्यांच्या बागवानांचं. अमरावतीबाहेर बाग आणि बागेला लागून घर. बाकीचे भाऊ बहार धरण्यात आणि टोपल्या भरण्यात गुंतले, काकाजी तेवढे शिकले आणि अमरावतीच्या एका हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर झाले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि इंग्रजीच्या मास्तराला तहसीलदाराच्या खालोखाल मान होता. काकाजींनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "कराचं होतं, पन ग्रामर सुटे ना."

त्यांचा सगळा जीव इंग्रजीतल्या ‘होण्या’वर होता. आपण मराठीत आंबट झालं, लाल झाला, म्हातारी झाली, असं सगळं ‘झालं’ म्हणून मोकळे होतो. इंग्रज तसं करत नाही, हा काकाजींच्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध. दूध आंबट होताना ‘गो’ करतं, पान पिवळं होताना ‘टर्न’ करतं, माणूस म्हातारा होताना ‘ग्रो’ करतो, आजारी होताना ‘फॉल’ करतो आणि रागावताना ‘गेट’ करतो; सरसकट ‘बिकम’ कोणी करत नाही. बाजारात नासकं वांगं हाती लागलं, की ते भाजीवालीला, जी बहुधा आमच्याच नात्यातली निघे, म्हणत, "मावशी, हे गॉन बॅड हाये." तीही सराईतपणे सांगे, "गॉन असन तं ठेवा खाली, मास्तर, दुसरं घ्या." एका लग्नात अंतरपाटाशी उभ्या नवरदेवाचा चेहरा पांढराफटक पडला, तेव्हा दोन मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत मांडवभर काकाजींचा आवाज घुमला, "टर्न्ड पेल!" स्वतःला हिवताप आला तेव्हा डॉक्टर नाडी बघताहेत आणि हे दातांवर दात आपटत सांगताहेत, "डॉक्टरसाहेब, आय हॅव फॉलन इल. कागदावर बिकम लिवू नका." सासरे वैतागून ओरडले, "मरून राहिला थंडीनं, अन् याले क्रियापद सुचते!" त्यावर काकाजींनी गोधडीतून एक बोट बाहेर काढलं, भावाच्या चेहऱ्याकडे रोखलं आणि समाधानाने म्हणाले, "पाहा, गॉट अँग्री!"

मी त्या घरात सून होऊन आले ती मॅट्रिक पास होऊन. त्याचं घरात कौतुक होतं, उपयोग नव्हता. माझे यजमान अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहत, हाताने भाकरी थापत आणि महिन्यातून एकदा घरी येत. त्यांच्या पगारात अकोल्याला वेगळी चूल मांडणं व्हायचं नाही, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. अशात अकोल्याच्या मुलींच्या एका शाळेला मास्तरीण हवी असल्याचं यांना कळलं. मॅट्रिक चालणार होती, पण इंग्रजी बोलता यायला हवं होतं, कारण शाळेच्या मुख्य एक मडम होत्या. हे मला मोठ्या उमेदीने घेऊन गेले. मडमनी विचारलं, प्रवास कसा झाला? मी घाम पुसला आणि म्हटलं, "आय बिकेम हॉट. मिल्क बिकेम सावर. देन आय बिकेम इल." मडम भल्या होत्या. हसल्या नाहीत, टेबलावरची फुलदाणी उगाच सरळ केली आणि म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा या. स्टेशनवर हे मला धीर देत राहिले; पण गाडी हलली तेव्हा फलाटावर एकटे उभे असलेले ते इतके लहान दिसले, की मला बडनेऱ्यापर्यंत रडू आवरेना.

घरी काकाजींनी एवढंच विचारलं, "काय बोलली तू?" मी सांगितलं. ते मटकन ओट्यावर बसले. "तीन वाक्यं अन् तिन्हीत बिकम! मास्तराच्या घरातली सून!" मग उठले आणि धोतराचा सोगा झटकून सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून ह्या घरात बिकम बंद!"

तो उन्हाळा मी विसरणार नाही. काकाजी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसत. मी भाकरी टाकली की विचारत, "काय होऊन राहिलं?" भाकरी गेटिंग हार्ड, कांदा टर्निंग ब्राउन, वरण गेटिंग कोल्ड. चुकलं की चुलीवरचं सगळं उतरवून वाक्य पुन्हा. सासूबाई आधी फार चिडल्या. "चुलीपाशी साहेबाची भाषा कायले पायजे?" पण वैशाख सरता सरता एका दुपारी त्यांनीच पदर डोळ्यांवर ओढला आणि आम्हांला दटावलं, "मी फॉल अस्लीप होऊन राहिली, आवाज करू नोका." काकाजींनी त्या दिवशी दोन वाट्या आमरस जास्त घेतला.

एकदा मीच विचारलं, "काकाजी, मंग बिकम कशासाठी असते?" काकाजींनी पाट जरा पुढे ओढला. मग म्हणाले, "हे गेट, टर्न, ग्रो सारे आंबट, लाल, म्हातारं, इथवरच नेतेत. पन मानूस जवा डाक्टर होते, मास्तर होते, तवा तिथं बिकमच लागते. गेट म्हनशीन तं मास्तर भेटला, असं होईन. एवढं मोठं क्रियापद हाय थे, पोरी. त्याले नासक्या दुधावर खर्च नोको करू."

सुट्टी संपल्यावर काकाजी स्वतः माझ्याबरोबर निघाले. पहाटेची गाडी, बडनेऱ्याला बदल. शाळेत मला आत पाठवून ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दार उघडंच होतं. मडमनी हसून विचारलं, या वेळी प्रवास कसा झाला? आणि मला एकदम काही अवघड वाटेना. मी सांगत सुटले. आम्ही निघालो तेव्हा आकाश टर्न्ड पिंक. बडनेऱ्याला दिवस ग्रू हॉट. फलाटावर घेतलेलं दूध वेंट सावर. काकाजी गॉट अँग्री, दूधवाल्याशी भांडता भांडता टर्न्ड रेड, आणि मूर्तिजापूर यायच्या आत फेल अस्लीप. मडम हसता हसता चष्मा पुसू लागल्या. "आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शाळेची इमारत दिसली तेव्हा आय ग्रू अफ्रेड. बट आय वॉन्ट टू बिकम अ टीचर.

व्हरांड्यातून आरोळी आली, "हे पाहा! बराबर जागेवर लावलं!"

मडम उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी काकाजींपुढे हात केला. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाने तो हात दोन्ही हातांत धरला आणि त्याला एकही क्रियापद आठवेना. डोळे भरले होते. "थँक यू," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "थँक यू."

मला नोकरी मिळाली होती. टांगा न करता काकाजी भर उन्हात तडक जिनिंगच्या फाटकावर गेले, मी मागे धावतेय. हंगामातल्या शेवटच्या कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि त्या सगळ्या गाडीवानांच्या डोक्यांवरून काकाजी अस्सल वऱ्हाडीत ओरडले, "चूल मांड रे बाबू! तुयी बायको मास्तरीन झाली!" हे कानावरची पेन्सिल तशीच ठेवून धावत आले. अंगभर कापूस आणि धूळ, चेहऱ्यावर न मावणारं हसू. अनोळखी गाडीवानांनीसुद्धा त्या दिवशी आमच्या हातून पेढे खाल्ले.

त्यानंतर मी किती वर्षं शिकवलं, ते आता माझ्याही लक्षात नाही. काकाजी मात्र शेवटी शेवटी सगळं विसरत गेले. आधी इंग्रजी गेलं, मग माणसांची नावं गेली, मग माणसं. मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते बागेत बाजेवर बसले होते, ऊन खात. मी पाया पडले. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कोनाची व तू?"

"तुमची सून, काकाजी. अकोल्याची. शाळेत शिकवते."

त्यांनी ते शब्द तोंडातल्या तोंडात घोळवले. मला ओळखलं नाही, हे दिसतच होतं. पण हळूहळू चेहरा उजळला, आणि बाजेजवळ फळं वेचणाऱ्या बायांना त्यांनी हाक मारली. "पाहा व," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मास्तरीन हाय थे. आपल्या घरची."