पाखऱ्याच्या अंगावरच्या माश्या

शंकरपटाचा विषय निघाला की सूर्यभान थांबत नसे, आणि त्याला थांबवायची कुणाची टापही नव्हती. अकोल्याकडच्या त्या गावात त्याच्याइतका जुना धुरकरी, म्हणजे पटाच्या शर्यतीत बैलजोडी हाकणारा, दुसरा उरला नव्हता. काय ते दिवस होते महाराजा! पिकं घरात आली की पट भरायचा. जिलेबीचा वास, धुरळा, झेंडी पडली की हजार गळ्यांचा एकच कल्ला. बंदीच्या आधीच्या शेवटच्या पटात त्याच्या पाखऱ्या बैलानं पहिला नंबर मारला आणि लोकांनी सूर्यभानला खांद्यावर घेऊन नाचवलं. त्या दिवशीचा फेटा त्यानं अजून धुतलेला नाही.

मग शर्यतींवर कोर्टाची बंदी आली. पाखऱ्याचा जोडीदार म्हातारा होऊन मेला. अकोल्यात बैलांचे गोंडे-घुंगरं विकणाऱ्या कुर्बानभाईनं नाइलाजानं दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली. सूर्यभाननं मात्र पाखऱ्या विकला नाही. पट सुरू होईल आणि माझा पाखऱ्या पुन्हा पळेल, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. लोक हसत. हसोत बापडे.

आठेक वर्षांनी कोर्टानं राज्याच्या नव्या कायद्याला परवानगी दिली आणि खरंच पट सुटला. अटी होत्या. बैलाला काडी, म्हणजे हाकायची काठी, लावायची नाही, आणि गुरांच्या डॉक्टरचा दाखला पाहिजे. कुर्बानभाईनं माळ्यावरचे गोंडे झटकले, लाल जोडी फुकट आणून दिली. सूर्यभाननं शेजारच्या देवीदासचा बैल मागून जोडी जमवली. हा आपला शेवटचा पट, हे त्याला ठाऊक होतं.

दाखल्यासाठी डॉक्टर अश्विन गोठ्यात आले; कुर्बानभाईही तिथंच होता. दात पाहिले, खूर पाहिले, छातीला नळी लावली. वय झालं, पण एक फेरी आरामात पळेल, म्हणाले. सूर्यभान खुशीत पाखऱ्याच्या मागं गेला, तसं बैलाच्या पुठ्ठ्यावरचं कातडं थरथरलं.

माश्या लय झाल्या, असं तो सवयीनं बोलून गेला. आठ वर्षं तो रोज संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करत होता.

डॉक्टरांनी केसांतून बोट फिरवलं. बारीक, टणक वण लागले, सात-आठ. त्यांनी सूर्यभानला दूर केलं आणि स्वतः मागं उभे राहिले. कातडं गप्प. पुन्हा सूर्यभानला उभं केलं. पुन्हा थरथर.

"काका, माशी एकही नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "तो तुमाले भिऊन राहिला."

सूर्यभानला त्या पटातली शेवटची पन्नास पावलं आठवली. काडीच्या टोकाला ठोकलेला खिळा, आणि आपला वरखाली होणारा हात. नंबराची गोष्ट त्यानं गावाला शेकडो वेळा सांगितली होती, खिळ्याची एकदाही नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

डॉक्टर दाखला लिहायला लागले होते.

"राहू द्या साहेब," सूर्यभान म्हणाला. "त्याले नाही पळवत मी आता."

काहून, म्हणून कुर्बानभाईनं विचारलं. सूर्यभान वळसा घालून समोर गेला, पाखऱ्याच्या शिंगांना लाल गोंडे बांधले आणि हातानं सरकीची ढेप चारली.

तेव्हापासून तो गोठ्यात समोरूनच शिरतो, शिरण्याआधी हाक देतो. पटाची गोष्ट अजून सांगतो. आता खिळ्यासकट सांगतो, आणि तिथं आला की थांबतो.